बेटावरची निवांत सुटी



काही वर्षांपूर्वी आम्ही घरची पाच माणसे अंदमानला गेलो होतो : आई, पत्नी, दोन मुले आणि मी. आमच्या महाविद्यालयात तासांचे वेळापत्रक बसविण्याचे काम माझ्याकडे असते. तेच डोके मी सुटीलाही लावले. पाच दिवस, अकरा ठिकाणे, मधला एकही तास रिकामा नाही! मोठ्या अभिमानाने मी तो कागद खिशात घेऊन हिंडत होतो. परतीच्या विमानात आई म्हणाली, "अरे, समुद्र सगळीकडून पाहिला, पण समुद्रापाशी कुठे बसले नाही." त्या एका वाक्याने माझे वेळापत्रक नापास झाले.

आता आम्ही पुन्हा जायचे ठरवीत आहोत. आईचे वय 76. तेव्हा या खेपेला चूक करून चालणार नाही. या विचारातून जे थोडेफार उमगले, ते आज तुम्हांला सांगतो. पहिली गोष्ट ही की, बेटावरचे वेळापत्रक आपण करायचे नसते. ते वारा, सूर्य आणि समुद्र यांनी आधीच करून ठेवलेले असते. आपण फक्त ते वाचायचे आणि घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी चालायचे.

प्रथम वारा. आपल्याकडे सुट्या तीन : दिवाळीची, नाताळची आणि उन्हाळ्याची. अंदमान बंगालच्या उपसागरात, चेन्नईपासून सुमारे 1,370 किलोमीटरवर आहे. तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस देतात आणि परतीचे ईशान्य वारेही देतात. दिवाळीच्या सुमारास तिथला पाऊस संपलेला नसतो आणि उपसागरात वादळे होण्याचाही तोच काळ. नाताळात हवा चांगली, पण गर्दी फार. राहिला उन्हाळा. मोसमी पाऊस केरळात 1 जूनच्या सुमारास येतो हे आपण शाळेत शिकलो. पण अंदमानात तो त्याच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो. म्हणून 'मे महिन्यात केव्हातरी जाऊ' असे म्हणून भागत नाही. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, एवढीच खरी संधी. उकाडा असतो, नाही असे नाही. पण त्या दिवसांत समुद्र बहुधा शांत असतो, आणि म्हातारी माणसे बरोबर असली की हवेपेक्षा समुद्र शांत असणे महत्त्वाचे.

दुसरा सूर्य. मुंबई सुमारे 73 पूर्व रेखांशावर आणि अंदमान 93 वर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे वीस अंशांना ऐंशी मिनिटे झाली. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! परिणाम असा की, डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि एप्रिलअखेर पहाटे पाचच्या आसपास उजाडते. आम्ही पहिल्या खेपेस घरच्यासारखे आठला उठून, न्याहारी करून, दहाला किनाऱ्यावर पोचत होतो. म्हणजे मुंबईच्या हिशेबाने जवळजवळ साडेअकराच्या उन्हात! धाकटीचे खांदे भाजून निघाले. पाहा, उपाय किती सोपा आहे : पाचला उठावे, सहा ते नऊ पाण्यात असावे, दुपारी जेवून पंख्याखाली झोपावे आणि तीननंतर पुन्हा बाहेर पडावे. इतके केले की निम्मा शीण जातो.

तिसरा समुद्र. कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पण आपण देशावरची माणसे हे विसरतो. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि खाली धारदार प्रवाळाचे खडक उघडे पडतात. तिथे पोहता येत नाही. मात्र डबक्यांतले मासे न् खेकडे पाहायला तीच वेळ उत्तम. तेव्हा उतरल्याबरोबर त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्याव्या. प्रवाळाला हात लावू नये, तुकडाही उचलू नये. तो सजीवांनी बांधलेला आहे आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. काही खाड्यांत आणि किनाऱ्यांजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. तशी पाटी दिसली की 'एवढ्याने काय होतंय' असे म्हणू नये.

आता बेट कोणते निवडावे? जुने पोर्ट ब्लेअर, 2024 पासून ज्याचे नाव श्री विजयपुरम झाले, तिथे विमान उतरते. पुढे बोटीने हॅवलॉक आणि नील ही दोन बेटे. 2018 साली त्यांची नावे अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली. स्वराज द्वीप मोठे. राधानगरचा रुंद, पांढरा किनारा तिथलाच. शहीद द्वीप लहान, बहुतेक सपाट, भाजीच्या मळ्यांचे. रामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर, भरतपूर अशी तिथल्या वस्त्यांची नावे! सीतापूरला सूर्योदय पाहावा, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. दोन्ही बेटे 'करण्याच्या' नादात सामान बांधण्यात आणि धक्क्यावर ताटकळण्यात दोन दिवस जातात. आम्ही या खेपेला एकच बेट घेतले आहे, लहान. चार रात्री एकाच खोलीत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून बोटीचा परतीचा प्रवास आणि विमान एकाच दिवशी ठेवू नये. शेवटची रात्र शहरातच काढावी. ती रात्र वाया गेली असे समजू नका. ती घेतल्यामुळे आधीचे चार दिवस मनाला घोर राहत नाही.

काय गाळायचे, हेही ठरवले. बाराटांगची सहल गाळली. भल्या पहाटे निघून, गाड्यांच्या तांड्यातून, जारवा लोकांच्या राखीव जंगलातून तो रस्ता जातो. हे लोक अवघे काहीशे उरले आहेत. त्यांचे छायाचित्र काढण्यास कायद्याने बंदी आहे; तरी गाडीच्या काचेतून माणसे माणसांकडे डोकावून पाहतातच. मुलांना आपण तिथे काय शिकवणार?

आणि एक गोष्ट वाढवली. सेल्युलर जेल 1896 ते 1906 या काळात बांधला गेला. त्याच्या सात कक्षांपैकी आता तीन उभे आहेत. सावरकर बंधूंनी 1921 पर्यंतची वर्षे तिथे काढली, हे मराठी घरांत वेगळे सांगायला नको. आईला तिसऱ्या मजल्यावरची ती कोठडी पाहायची होती. माझ्या कागदावर जेलला पाऊण तास होता. गुडघ्यांमुळे ती जिन्यापाशी थांबली, "तुम्ही जाऊन या" म्हणाली, आणि आम्ही गेलो. आज त्याची लाज वाटते. या खेपेला जेलला अख्खी सकाळ दिली आहे. एकेका जिन्यावर दहा मिनिटे बसू, पण आई वर जाईल.

तर आमचा आराखडा असा : शहरात दोन रात्री, पहिल्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी फक्त जेल, मग शहीद द्वीपावर चार रात्री, शेवटची रात्र पुन्हा शहरात. एकूण सात. बेटावरच्या दिवसांपुढे मी काहीच लिहिले नव्हते. कागद आईला दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून नीट वाचला आणि विचारले, "इथे रिकामं का सोडलंस?"

म्हटले, "तिथे तुला समुद्रापाशी बसायचं आहे."