न दिसणारी राजधानी : वत्सगुल्म अर्थात वाशीमचे ऐतिहासिक पर्यटन

प्रास्ताविक

ऐतिहासिक राजधानी पाहावयास निघालेला पर्यटक मनाशी काही अपेक्षा बाळगूनच निघतो. रायगडावर सिंहासनाची जागा, देवगिरीस किल्ला, विजापुरास गोलघुमट असे काही भव्य, डोळ्यांत भरणारे त्यास हवे असते. हीच अपेक्षा घेऊन वाशीमला उतरणाऱ्याचा भ्रमनिरास होणे स्वाभाविक आहे. इ. स. ३३० च्या सुमारास सम्राट पहिला प्रवरसेन याच्या मृत्यूनंतर वाकाटक साम्राज्याची विभागणी झाली आणि त्याचा पुत्र सर्वसेन याने वत्सगुल्म येथे स्वतंत्र शाखा स्थापन केली. पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या शाखेचे राज्य टिकले. मात्र वाकाटकांचा राजवाडा वा तट म्हणून पर्यटकास दाखविता येईल अशी वास्तू आजच्या वाशीम शहरात उभी नाही. मग येथे येऊन पाहावयाचे काय? जिल्ह्यातील इतिहास व मराठीच्या अध्यापकांना विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि तो टाळण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

उभे आहे ते कोणत्या काळाचे?

वाशीमला येणारा प्रवासी प्रथम बालाजी मंदिरात जातो. हे मंदिर अठराव्या शतकातील असून ते साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधविले. म्हणजे मंदिर व त्यालगतचा देव तलाव ही नागपूरकर भोसल्यांच्या काळाची साक्ष होय. वाकाटक आणि भवानी काळू यांच्यात सुमारे तेराशे वर्षांचे अंतर आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत मात्र 'वाकाटकांची राजधानी' या शीर्षकाखाली बालाजी मंदिराचे छायाचित्र सर्रास चिकटविलेले आढळते. मधल्या शतकांचे, 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील सरकार म्हणून नोंदलेल्या बाशीमचे, त्यात नावही नसते.

पद्मतीर्थाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा संबंध परंपरा वत्स ऋषींच्या कथेशी जोडते आणि क्षेत्रमाहात्म्यात १०८ तीर्थांची गणना सांगितली जाते. माहात्म्य हा इतिहासाचा पुरावा नव्हे. तथापि एखाद्या गावाने स्वतःविषयी काय लक्षात ठेवावयाचे ठरविले, हे त्यातून कळते. वाशीमने राजे विसरून ऋषी लक्षात ठेवला, ही बाब अभ्यासकाने उपेक्षू नये.

मध्यमेश्वर मंदिरासंबंधी पृथ्वीची मध्यरेषा येथून जाते, असे सांगितले जाते. या समजुतीस शास्त्रीय परंपरेचा आधार आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषात लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र व मेरू यांना जोडणारी रेषा ही भूमध्यरेषा मानली जात असे. आजच्या भूगोलातील विषुववृत्ताशी तिचा घोटाळा करू नये. ती दक्षिणोत्तर रेषा होय, आजच्या ग्रिनिचच्या रेखावृत्तासारखी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'करणकुतूहल' या ग्रंथात या रेषेवरील स्थळांमध्ये वत्सगुल्माचाही निर्देश केला आहे. आधुनिक मोजणीनुसार उज्जैन व वाशीम यांच्या रेखांशांत सुमारे सव्वा अंशाहून थोडा अधिक फरक पडतो. तेव्हा ही रेषा काटेकोर नाही. परंतु राजसत्ता लोपून सहाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही एका ज्योतिर्विदास खूण म्हणून हे नाव घ्यावेसे वाटले, यातच त्याची ख्याती दिसते.

ताम्रपटाने सापडलेले राज्य

१९३९ पर्यंत वत्सगुल्म शाखा ही स्वतंत्र शाखा होती, हेच इतिहासकारांना ज्ञात नव्हते. त्या वर्षी वाशीम येथे सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. आपल्या राज्यवर्षाच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून त्याने तो दिला असून नांदीकड, म्हणजे आजचे नांदेड, या विभागातील आकासपद्द हे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. या एका लेखाचा परिणाम दूर अजिंठ्यापर्यंत पोहोचला. तेथील सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या शिलालेखात पूर्वी जे नाव रुद्रसेन असे वाचले गेले होते, ते सर्वसेन असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले आणि वाकाटकांची वंशावळ नव्याने मांडावी लागली.

मराठीच्या अध्यापकांनी या ताम्रपटाची भाषा अवश्य पाहावी. वंशवर्णन संस्कृतात आहे, तर दानाचा व्यावहारिक तपशील प्राकृतात. राजाची थोरवी एका भाषेत आणि गावाच्या सीमा, सवलती व अधिकाऱ्यांना द्यावयाच्या आज्ञा दुसऱ्या भाषेत, ही विभागणी आजच्या कचेऱ्यांनाही अपरिचित नाही! स्वतः सर्वसेन हा प्राकृत कवी होता. पारिजातहरणाच्या कथेवरील त्याचे 'हरिविजय' हे काव्य आज उपलब्ध नसले, तरी आनंदवर्धनासारख्या काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञाने त्याचा उल्लेख केला आहे. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावला, तर 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीस 'वच्छोमी' म्हटले. वत्सगुल्म, वच्छोम, वाशीम असा नामप्रवास येथे स्पष्ट होतो. रेल्वे स्थानकावरील फलक हा या अर्थाने शहरातील सर्वांत जुना अवशेष मानावयास हरकत नाही.

हिस्से-बोराळा आणि अजिंठा

वाकाटककालीन पुराव्याचे प्रत्यक्ष स्थळ हवे असल्यास वाशीम शहराबाहेर पडून जवळच्या हिस्से-बोराळा येथे जावे लागते. येथे मिळालेला राजा देवसेन याच्या काळातील शिलालेख शके ३८० चा, म्हणजे इ. स. ४५७-५८ चा आहे. वाकाटक आपल्या लेखांत सामान्यतः राज्यवर्षेच देतात, त्यामुळे त्यांचा कालनिर्णय हा अभ्यासकांच्या वादाचा विषय राहिला. शककाल देणारा हा लेख त्या वादात एक पक्का खुंटा ठरतो. लेखाचा विषय आहे देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने बांधविलेला जलाशय. त्याचे नाव 'सुदर्शन'. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या, रुद्रदामन व स्कंदगुप्त यांच्या लेखांमुळे विख्यात झालेल्या तलावाचेही हेच नाव होते. पर्जन्यावर अवलंबून असलेल्या या पठारावर राजसत्तेचा जो ठसा कालनिश्चितीसह उरला, तो राजवाड्याचा नसून पाणी साठविण्याच्या कामाचा आहे.

देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या काळात हे राज्य वैभवाच्या शिखरावर पोहोचले. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. वॉल्टर स्पिंक यांच्या मते तर अजिंठ्याची महायान लेणी बहुतांशी हरिषेणाच्याच कारकिर्दीत, अवघ्या काही वर्षांत, निर्माण झाली. स्पिंक यांचा काटेकोर कालक्रम सर्वांना मान्य नाही. मात्र वत्सगुल्मच्या दरबाराशी अजिंठ्याचे असलेले नाते निर्विवाद आहे.

आपल्या महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली दरवर्षी अजिंठ्यास जातात. विद्यार्थी पद्मपाणीसमोर थांबतात, सोळाव्या लेण्याच्या शिलालेखासमोर क्वचितच. जागतिक वारसा म्हणून १९८३ पासून ओळखल्या जाणाऱ्या या कलेमागील राजा आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून राज्य करीत होता, हे त्यांना सांगणारा कोणी नसतो, आणि मग इतिहास नेहमी दुसऱ्यांच्याच गावी घडतो अशी त्यांची समजूत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या सहलीचा आरंभ वाशीमहून व्हावा. सकाळी पद्मतीर्थ व मध्यमेश्वर, तेथून बालाजी मंदिर (शतकाच्या स्पष्ट उल्लेखासह), दुपारी हिस्से-बोराळा, आणि वर्गात ताम्रपटाच्या मिराशीकृत पाठाचे निदान एक पान. मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी अजिंठा. तेथे सोळाव्या लेण्यातील लेखात सर्वसेन, विंध्यसेन, देवसेन ही नावे क्रमाने येतात. आदल्या दिवशी देवसेनाच्या काळातील तलावाची जागा पाहून आलेल्या विद्यार्थ्याला ती कोणी वेगळी समजावून द्यावी लागणार नाहीत.