पाणी उकळून प्या, असे सांगण्यापूर्वी

आरोग्यशिक्षण म्हणजे अडाण्यांना शहाणे करणे, अशी एक समजूत आपल्या पांढरपेशा समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तीतला माणूस आजारी पडतो तो अज्ञानामुळे. त्याला माहिती दिली की काम झाले! दुर्दैव असे की, त्याच वस्तीतून महाविद्यालयात आलेली आपली मुलेमुलीही पदवी घेईपर्यंत हीच समजूत उराशी धरतात. आरोग्यखात्यातल्या पहिल्या नोकरीसाठी त्यांना तयार करताना मला आधी या समजुतीशी झगडावे लागते.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले आणि 'पाणी उकळून प्या' ही सूचना सर्वत्र फिरली. त्याच सुमारास वर्गात एका विद्यार्थिनीला मी या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले. ती छापील मराठीत सुरेख बोलली. मी विचारले, "तुझ्या घरी पाणी कोण उकळतं?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सर, सहा माणसांचं पाणी रोज उकळलं तर सिलिंडर महिनाभर कसा पुरेल? आई धाकट्याचं तेवढं उकळते. बाकीचं फडक्यानं गाळते."

खरे व्याख्यान हे होते आणि तेच तिने लपवले होते. आपल्या घरातले ज्ञान हे ज्ञान नव्हे, हे आपणच तिला शिकवलेले असते.

फडक्याने गाळून जंतू जात नाहीत, हे तिने आईला सांगितलेच पाहिजे. पण गॅसचा हिशेब ठाऊक असलेली कार्यकर्ती तिथे थांबत नाही. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरते, हे ती सांगेल. (वीस मिनिटे उकळा म्हणणाऱ्याने स्वतःच्या पैशाने सिलिंडर भरलेला नसावा.) तेही परवडत नसेल तर क्लोरिनचे द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबायचे, हंड्यावर झाकण ठेवायचे, पाणी लांब दांडीच्या ओगराळ्याने काढायचे. आणि नळाला गटाराचे पाणी मिसळत असेल तर आईला उपदेश न करता महापालिकेत अर्ज द्यायचा. अर्ज लिहिता येणे हाही या अभ्यासाचा भाग आहे.

या शहराला हा धडा नवा नाही. 1897 च्या प्लेगमध्ये सरकारने गोरे शिपाई घराघरांत घुसवले. लोक रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि 10 मार्च रोजी स्वतः प्लेगनेच गेल्या. पुढे 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. तिथे हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, त्यामुळे सवर्णांना पाण्यासाठी तिथे यावे लागले. आरोग्यशिक्षणाचा हा अर्थ कोणत्याही तक्त्यावर छापलेला नसतो.

आता पोटाचा प्रश्न. वस्तीचे हे ज्ञान ज्या कामात सर्वांत जास्त लागते, तिथे दाम सर्वांत कमी. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा सरकारदफ्तरी 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. त्यावरच्या पदांना अटी लागतात. बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याच्या जाहिरातीत बारावी विज्ञान आणि स्वच्छता निरीक्षकाचा किंवा तत्सम अभ्यासक्रम मागतात. समुपदेशकाला मानसशास्त्र, समाजकार्य अशा विषयांतली पदवी लागते. नेमणूक बहुधा कंत्राटी, अकरा महिन्यांची. म्हणून मी वर्गात जाहिराती आणि करारपत्रेच पाठ्यपुस्तकासारखी वाचून घेतो: सुट्टी किती, प्रवासखर्च कोणाचा, विमा आहे की नाही.

पण आपली बहुतेक मुले कला शाखेत येतात. विज्ञानाची शिकवणी परवडत नाही आणि बारावी विज्ञानाची अट घरात कोणाला ठाऊक नसते. मलाही अकरावीत ती ठाऊक नव्हती. पदवीच्या तिसऱ्या वर्षी ती कळून उपयोग शून्य. तेव्हा दहावीचा निकाल लागला की आम्ही दोघे-तिघे शिक्षक वस्तीत जातो, ओट्यावर बसतो आणि आईबापांना ती जाहिरात ओळीओळीने वाचून दाखवतो.