छेदात कोण आहे?

मी रायपूरहून बोलतोय. छत्तीसगढच्या या राजधानीत तात्यापारा नावाचा जुन्या मराठी घरांचा एक मोहल्ला आहे. मी त्याच भागात वाढलो आणि पुढे आयुष्यभर कॉलेजात अकाउंट्स शिकवलं. तेव्हा पेशी आणि रोगाच्या गोष्टी सांगायला हा हिशेबाचा मास्तर का बसलाय, असं तुम्हाला वाटेल. कारण सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. थंडी सुरू झाली की आठ-आठ दिवस गायब. विचारलं की छत्तीसगढीत म्हणायचा, "हाथ-गोड़ पिराथे, सर." हातपाय दुखतात. मला ते निमित्त वाटायचं. हजेरी कमी पडली, मी नियमावर बोट ठेवलं आणि त्याचं वर्ष गेलं. पुढे त्याच्या मित्राकडून कळलं की त्याला सिकलसेल होता. माझ्या रजिस्टरात त्याची गैरहजेरी अगदी अचूक मोजलेली होती. कारण कुठल्याच रकान्यात नव्हतं.

तेव्हापासून कुठलंही संशोधन वाचताना मी एकच गोष्ट आधी शोधतो. शाळेत आपण शिकलो, अपूर्णांकात वर असतो तो अंश आणि खाली असतो तो छेद. बातमीत नेहमी अंश येतो: इतके रुग्ण सापडले, इतके कोटी खर्च झाले. छेदात कोण आहे, हे कुणी सांगत नाही. पेशीविज्ञान, सार्वजनिक आरोग्य आणि कंपन्यांचे हिशेब हे तीन विषय वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जातात, पण तिघांचंही घोडं इथेच अडतं. सिकलसेलच्या उदाहरणावरून ते पाहू.

पहिला छेद: पेशी

तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेलमध्ये त्याच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. तो बदल नेमका कोणता, हे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवलं. एवढ्याशा बदलामुळे, प्राणवायू सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोरे बनवतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, ही साधारण १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी पडतं. शिवाय ती बारीक वाहिन्यांत अडकते, आणि हाडांत असह्य कळा येतात. थंडीत वाहिन्या आकसतात, तेव्हा त्रास वाढू शकतो. माझ्या विद्यार्थ्याची थंडी आता तुमच्या लक्षात आली असेल.

आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात. ते हे दोरे होऊ देत नाही. मध्य भारतातल्या बऱ्याच रुग्णांत ते मोठेपणीही चांगलं शिल्लक राहतं, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य असतो असा समज होता. पण विदर्भातल्या मुलांच्या अभ्यासांत तीव्र त्रासही भरपूर दिसला. एक कारण सरासरीत लपलेलं आहे. रिपोर्टवर एचबीएफ २० टक्के लिहिलेलं असतं, ते सगळ्या पेशी मिळून. काही पेशींत भरपूर आणि काहींत जवळजवळ काहीच नाही, असं वाटप असेल तर त्या रिकाम्या पेशी वाकड्या होणारच. पंगतीत माणशी सरासरी चार पोळ्या निघाल्या, म्हणून उपाशी उठलेल्याचं पोट भरत नाही.

हायड्रॉक्सियुरिया हे जुनं औषध एचबीएफ वाढवतं. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. वेदनांचे झटके वर्षाला ४.५ ऐवजी २.५ वर आले होते. हे औषध कॅप्सूलमध्ये मिळतं आणि जनुकीय उपचारांसारखं महाग नाही. मात्र ते रोज आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं लागतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

दुसरा छेद: लोक

मध्य भारतात सिकलसेल आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच लॅन्सेट या नियतकालिकात लिहिलं होतं. पण किती जणांत? रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रदीपकुमार पात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ ते २०१० या काळात रायपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या दोन हजारांहून जास्त शाळा पिंजून काढल्या. तीन ते पंधरा वर्षांची साडेतीन लाखांहून जास्त मुलं तपासली. शंभरात नऊच्या वर वाहक निघाले आणि हजारात सुमारे दोन मुलांना प्रत्यक्ष आजार होता.

इथे थोडं थांबतो, कारण घोटाळा नेहमी इथे होतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला एक बदललेलं आणि एक चांगलं जनुक मिळालेलं असतं, आणि तो सहसा ठणठणीत असतो. पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. "पहिलं मूल आजारी आहे, आता पुढची तीन सुखरूप," हा हिशेब चूक आहे. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात.

काम प्रचंड होतं, यात शंका नाही. तरी छेद बघा. शाळेतली तपासणी म्हणजे त्या दिवशी शाळेत आलेली मुलं. तीन वर्षांच्या आत जी गेली, ती त्यात येऊ शकत नाहीत. ज्यांचे हातपाय त्याच आठवड्यात दुखत होते, तीही सुटू शकतात. म्हणजे ज्यांच्यासाठी मोजणी करायची, तेच मोजणीतून निसटण्याची भीती जास्त. म्हणूनच जन्मतःच तपासणी करावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

तिसरा छेद: रुपया

आता माझा विषय. कंपनीने संशोधनावर खर्च केला तर तो कुठे लिहायचा? इंड-एएस ३८ या मानकानुसार निव्वळ शोधाच्या टप्प्यावरचा पैसा त्याच वर्षी खर्ची टाकायचा. पुढचा विकासाचा टप्पा मात्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येतो. त्यासाठी वस्तू तयार होऊ शकेल, तिचा उपयोग किंवा विक्री होईल आणि त्यातून पैसा येईल, हे पटवून द्यावं लागतं. नियम चुकीचा नाही. पण त्याचा अर्थ समजून घ्या. सिकलसेलवरचा पहिला क्रिस्पर उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला, अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. असं औषध मालमत्ता होऊ शकतं. दर महिन्याला गावात जाऊन "कॅप्सूल घेतोस ना रे?" असं विचारणारी ताई कुठल्याच ताळेबंदात मालमत्ता होत नाही.

मग सामाजिक जबाबदारीचा निधी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. अहवालात रक्कम येते, लाभार्थींची संख्या येते. परिणाम तपासायची सक्ती २०२१ पासून आली, तीही ज्यांची ही रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे अशा कंपन्यांना आणि १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरती.

फळ्यावर एक गणित मांडू, आकडे उदाहरणापुरते. १ लाख रुपयांत १,००० मुलांचं शिबिर झालं. १,००० ने भागा: एका तपासणीला १०० रुपये. किती स्वस्त! त्यात दोन रुग्ण सापडले. २ ने भागा: ५०,००० रुपये. वर्षभराने त्यातला एकच औषध घेतोय. १ ने भागा: १ लाख. आणि एकही घेत नसेल तर? शून्याने भागता येत नाही, हे चौथीतलं पोरही सांगेल. अहवालात मात्र शंभर रुपयेच छापून येतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं त्याचं ध्येय आहे. ते यशस्वी व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच मी ७ कोटींच्या पुढचा आकडा विचारत राहणार. तपासलेल्यांपैकी किती रुग्ण पुढच्या वर्षीही उपचारात होते? तुम्हीही विचारा. गडचिरोली, नंदुरबार, नागपूर, बालाघाट, दुर्ग, जिथे असाल तिथे. घरात लग्न ठरत असेल तर पत्रिकेसोबत सिकलसेलचा रिपोर्टही बघा. वाहक निघालात तर घाबरू नका, लपवूही नका.

त्या मुलाने पुढे बाहेरून परीक्षा देऊन बी.कॉम. पूर्ण केलं. एकदा बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "बेटा, माझं चुकलं." तो हसून म्हणाला, "सर, तेव्हा मलाही कुठे माहीत होतं?"

पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेऊ.