मेनूत नाव आलं म्हणजे आयएसओ बूट झाली असं नाही

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही. टीपीएम २.० नाही, प्रोसेसर यादीत नाही, एवढ्या कारणाने धडधाकट पीसी अडून बसतो. २००१मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात गावोगावी संगणक लॅब उभ्या राहिल्या.  अशा एखाद्या लॅबमधली वीस-पंचवीस यंत्रं लिनक्सवर न्यायची, तर प्रत्येकाला पेनड्राइव्ह खोचत बसण्यापेक्षा नेटवर्क बूट सोयीचं. एका मशीनवर मेनू ठेवायचा, बाकीच्यांनी सुरू होताना तो केबलवरून उचलायचा. एवढ्याला इंटरनेटही लागत नाही, लॅबमधला स्विच पुरतो. घोळ होतो तो त्या मेनूत आयएसओ घालताना.

गैरसमज : आयएसओ टीएफटीपीच्या फोल्डरात ठेवली, मेनूत तिचं नाव लिहिलं की काम झालं.

वस्तुस्थिती : निम्म्याहून अधिक डोकेदुखी या एका समजुतीतून येते, म्हणून इथे जरा थांबू. आयएसओ ही डिस्कची हुबेहूब प्रत. पेनड्राइव्हवरून बूट होताना फर्मवेअर त्यावरचा बूटलोडर वाचतं, बूटलोडर कर्नल उचलतो आणि कर्नल बाकीच्या फायली त्याच पेनड्राइव्हवर शोधतो. नेटवर्कवर असं काही खोचलेलंच नसतं. इंटेलच्या पीएक्सई पद्धतीत (तिचं २.१ आवृत्तीचं स्पेसिफिकेशन १९९९चं) नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडून पत्ता आणि एका छोट्या फाइलचं नाव घेतं, ती फाइल टीएफटीपीने उतरवतं आणि तिच्या हाती सूत्रं देतं. ती फाइल बहुधा पीएक्सईलिनक्स, ग्रब किंवा आयपीएक्सई यांपैकी एक असते. लिनक्स सुरू करायला तिला अख्खी आयएसओ नको असते. आतला कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलबरोबर रॅममध्ये चढणारी सुरुवातीची छोटी फाइलप्रणाली) या दोनच फायली हव्या असतात. त्या बाहेर काढून सर्व्हरवर ठेवायच्या आणि मेनूच्या नोंदीत त्यांची नावं द्यायची.

इथवर बरेच जण पोचतात. पडद्यावर कर्नलच्या ओळी धावू लागतात, आणि मग सगळं ठप्प. कारण कर्नल चालू झाला की बूट रॉमचा नेटवर्क ड्रायव्हर मागे पडतो. कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरने नेटवर्क पुन्हा उभं करावं लागतं, पुन्हा पत्ता मागावा लागतो, आणि आपण कुठून आलो हे त्याला ठाऊक नसतं. वऱ्हाड मांडवात पोचलं, पण रुखवताच्या टेम्पोला कार्यालयाचा पत्ताच कुणी दिला नाही, अशी गत. बाकीच्या फायली कुठे आहेत तो पत्ता मेनूतल्या कर्नलच्या ओळीत आपणच लिहायचा असतो.

तो कसा लिहायचा हे प्रत्येक वितरणात वेगळं. उबुंटूच्या आयएसओत 'कॅस्पर' फोल्डर असतं. २०.०४पासूनच्या आवृत्त्यांना 'यूआरएल' या पर्यायात आयएसओचा एचटीटीपी पत्ता दिला की ती पूर्ण आयएसओ रॅममध्ये उतरवून घेते. पण डेस्कटॉपची आजची आयएसओ पाच जीबीच्या पुढे गेली आहे. चार जीबी रॅमच्या यंत्रावर ती मावणार कुठे? तिथे आयएसओ सर्व्हरवर उघडून एनएफएसने वाटावी आणि 'एनएफएसरूट'मध्ये तिची जागा सांगावी. डेबियन लाइव्हमध्ये फोल्डरचं नाव 'लाइव्ह' आणि पर्याय 'फेच'. डेबियनची नेटइन्स्ट तर आणखी गंमत करते : तिच्यातला इनिटआरडी सीडीच शोधत बसतो आणि सीडी ड्राइव्ह सापडत नाही अशी तक्रार करतो. लोक मग आयएसओ पुन्हा डाउनलोड करतात, चेकसम तपासतात. आयएसओत काहीच बिघाड नसतो. नेटवर्कवरून इन्स्टॉल करायला डेबियन 'नेटबूट' नावाचा वेगळा कर्नल-इनिटआरडी संच देतं, तो घ्यायचा. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवर बेतलेलं आहे. तेव्हा आधी त्याची आयएसओ उघडून आत काय आहे ते बघावं, मगच नोंद लिहावी.

गैरसमज : मेमडिस्क लावलं की कोणतीही आयएसओ चालते.

वस्तुस्थिती : सिसलिनक्सबरोबर (पीएक्सईलिनक्स हा त्याचाच भाग) येणारं मेमडिस्क आयएसओ रॅममध्ये ठेवतं आणि बायोसला ती खरीखुरी डिस्क आहे असं भासवतं. जी प्रणाली प्रत्येक वाचनासाठी बायोसकडेच जाते, उदाहरणार्थ डॉस किंवा बायोस अपडेटची जुनी फ्लॉपी, तिला हे पुरतं. लिनक्स आणि विंडोज मात्र सुरू झाल्यावर स्वतःचे ड्रायव्हर वापरतात, बायोसला विचारत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती डिस्क नाहीशीच होते. विंडोजसाठी आयपीएक्सईचं विमबूट वापरून विंडोज पीई सुरू करतात आणि सेटअपच्या फायली शेअर केलेल्या फोल्डरातून देतात. दोन टप्पे इथेही चुकत नाहीत. आणि यूईएफआयवर मेमडिस्क चालतच नाही.

गैरसमज : फाइल रांगत येते, म्हणजे स्विच भंगार आहे.

वस्तुस्थिती : नवा स्विच आणण्याआधी हिशोब करा. टीएफटीपीचं १९९२चं मानक, आरएफसी १३५०, ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं आणि पोच मिळेपर्यंत पुढचा पाठवत नाही. एक जीबीचे असे जवळजवळ २१ लाख तुकडे होतात. प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी ३५ मिनिटं लागतात, मग केबल गिगाबिट असो की आणखी काही. शिवाय तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने मूळ रूपात ३२ एमबीच्या आसपास मोजणीच संपते. पुढे आरएफसी २३४८ने तुकडा मोठा करायची सोय दिली, पण एकेका तुकड्याची वाट पाहणं तसंच राहिलं. टीएफटीपीने फक्त बूटलोडर द्यावा. जड फायली आयपीएक्सई किंवा खुद्द इनिटआरडी एचटीटीपीने आणू शकतात.

गैरसमज : यासाठी राउटरचं डीएचसीपी बंद करून आपलं सुरू करावं लागतं.

वस्तुस्थिती : नाही. डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर 'प्रॉक्सी' पद्धतीने चालवला की पत्ते राउटरच वाटतो आणि बूट फाइलची माहिती तेवढी डीएनएसमास्क पुरवतं. दोन पूर्ण डीएचसीपी सर्व्हर एकाच लॅबमध्ये लावले, तर मात्र कोणतं यंत्र कुणाचं ऐकेल याचा नेम नाही.

गैरसमज : एक बूट फाइल सगळ्या यंत्रांना चालते.

वस्तुस्थिती : जुन्या बायोसला 'पीएक्सईलिनक्स.०'सारखी फाइल लागते, यूईएफआयला ईएफआय प्रकारची. यंत्र स्वतःची जात डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात कळवतं : बायोस असेल तर ०, आणि ६४ बिट यूईएफआय असेल तर व्यवहारात बहुधा ७. त्यावरून कोणती फाइल द्यायची ते सर्व्हरला सांगून ठेवता येतं. सिक्युअर बूट चालू असेल तर वितरणाचं सही केलेलं शिम आणि ग्रब वापरावं.

गैरसमज : वेळमर्यादा म्हणजे सेकंदच.

वस्तुस्थिती : सिसलिनक्सच्या मेनूत टाइमआउट सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, ग्रबमध्ये सेकंदात, आयपीएक्सईत मिलिसेकंदात. अर्ध्या मिनिटासाठी अनुक्रमे ३००, ३० आणि ३०००० लिहायचं. सिसलिनक्समध्ये नुसतं ३० लिहिलं तर तीन सेकंदांत मेनू निघून जातो. मग आपोआप काय चालू होणार, हा प्रश्न लाइट जाण्याच्या ठिकाणी फार महाग पडू शकतो. बायोसमध्ये 'वीज आली की सुरू हो' असं असेल, बूटक्रमात नेटवर्क पहिलं असेल आणि मेनूतला आपोआप निवडला जाणारा पर्याय स्वयंचलित इन्स्टॉलचा असेल, तर लाइट परत येताच अख्खी लॅब एकदम स्वतःच्या हार्डडिस्क पुसायला घेते. म्हणून तो पर्याय नेहमी स्थानिक डिस्कचाच ठेवावा : सिसलिनक्समध्ये 'लोकलबूट', यूईएफआयवर ग्रबचं 'एक्झिट', ज्यावर बहुतेक फर्मवेअर बूटक्रमातल्या पुढच्या पर्यायाकडे वळतं. इन्स्टॉलच्या नोंदीला सिसलिनक्सच्या मेनूत पासवर्ड लावता येतो. काम झालं की ती नोंद काढूनच टाकलेली बरी.