माशांच्या टाकीचा माळा

सबमिशनच्या धामधुमीत माशांवरचा लेख कोण वाचणार, असं रूममेटने आधीच ऐकवलंय. तरी लिहितोय, कारण यात फ्लुइड मेकॅनिक्स आहे आणि माझ्यापायी आईने शेजाऱ्यांची ऐकून घेतलेली बोलणीही.

पुण्याला आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे: ९० सेंमी लांब, ४० रुंद, ४५ उंच. आत दोन क्लाउनफिश, म्हणजे तुमचे ‘निमो’. मासे खातात, घाण करतात, त्यातून अमोनिया सुटतो. दगडांवरचे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया जहाल, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण ते साचत जातं आणि दगडांवर केसाळ हिरवं शेवाळ माजतं.

यावर रूढ उपाय म्हणजे पाणी बदलणे. मी आठवड्याला १५ लिटर, म्हणजे साधारण १० टक्के बदलायचो. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तरी दर वेळी अर्धा किलो मीठ लागतं, आणि हे मीठ किराणा दुकानातलं नव्हे! बरं, नायट्रेट आठवड्याला ५ पीपीएम वाढत असेल आणि आपण फक्त दहावा हिस्सा काढत असू, तर आकडा ५० च्या आसपास जाऊन थांबतो. भूमिती श्रेणी मांडून बघा.

मग रिफ्यूजियम. लॅटिनमध्ये अर्थ आसरा. स्मिथसोनियनचे वॉल्टर एडी यांनी बंदिस्त टाक्यांतलं पाणी शेवाळाकडून साफ करून घेण्यावर बरंच काम केलं. कॅरन लव्हलँड यांच्यासोबतचं त्यांचं ‘डायनॅमिक अक्वेरिया’ हे पुस्तक १९९१ चं. कल्पना साधी आहे. शेवाळ वाढणारच आहे, तर त्याला वेगळी खोली द्या. पाणी तेच, फिरतं. मासे मात्र तिथे पोचत नाहीत. त्यामुळे कोपेपॉडसारखे बारीक जीवही तिथे निवांत वाढतात आणि थोडेथोडे वाहत टाकीत येतात. माशांना ताजा खाऊ!

शेवाळ कुठलं? कीटोमॉर्फा. भांडी घासायची हिरवी घासणी उसवावी तसं दिसतं. कॉलर्पा दिसायला देखणं, पण कधीकधी एका रात्रीत सगळं बीज पाण्यात सोडून मरतं. पाणी दुधाळ होतं आणि शोषलेलं सगळं परत टाकीत.

माझी पहिली पेटी टाकीच्या खाली होती, ४५ बाय ३० सेंमी. वरून पाणी ओसंडून खाली यायचं, पंप परत वर चढवायचा. झकास चाललं होतं. पहिल्या पावसात रात्री लाइट गेली. परतीच्या पाइपचं तोंड वर पाण्यात ४ सेंमी बुडालेलं होतं, सायफन लागला. ३६०० चौ. सेंमी गुणिले ४, म्हणजे १४.४ लिटर खाली. पेटीत मोकळी जागा ५ सेंमी, म्हणजे पावणेसात लिटरची. उरलेलं साडेसात लिटर खारं पाणी जमिनीवर, आणि जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड. लाइट परत यायच्या आत बाबांनी अंधारात चाचपडत मेन स्विच पाडला. तो पडला नसता तर काय झालं असतं, यावर आमच्याकडे अजून कोणी बोलत नाही. खालच्यांच्या छताला ओल आली ती वेगळीच.

पाइपला पाण्याच्या पातळीलगत ३ मिमीचं भोक पाडलं की हवा शिरून सायफन तुटतो. पण त्या भोकातही शेवाळ धरतं. भोक बुजलेलंच आहे असं धरून हिशोब करा.

मी पेटी वर चढवली, माळ्यासारखी. छोटा पंप टाकीतून पाणी वर देतो. ते पेटीच्या बाजूला बसवलेल्या टँक कनेक्टरमधून आपोआप खाली पडतं. पंपाच्या नळीचं तोंड पेटीतल्या पाण्याच्या वर, म्हणून उलटा सायफन लागत नाही. आता लाइट गेली तर फक्त पंप थांबतो. एकच भीती: शेवाळ अडकून निचरा तुंबला तर? जाळी लावलीच. शिवाय पंप वर लटकवला, तोंड पाण्याखाली फक्त ३ सेंमी. म्हणजे तो जास्तीत जास्त १०.८ लिटर उपसणार, आणि पेटीत ९ सेंमी मोकळी, १२ लिटरची. मावतं. बाष्पीभवनाची तूट मात्र रोज भरायची, तीही गोड्या पाण्याने, कारण मीठ उडून जात नाही. बोर्ड आता भिंतीवर, वायरीला खाली झोल, आणि लाइनवर आरसीसीबी.

पेटीवर साधा एलईडी दिवा, तो रात्री, टाकीचा दिवा बंद असताना. शेवाळ तेव्हा कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे पीएच रात्री फार उतरत नाही.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे कापणी. शेवाळाने नायट्रेट शोषलं तरी ते पेटीतच असतं. दोन-तीन आठवड्यांनी तिसरा हिस्सा काढून फेकायचा, नाहीतर खालचा थर कुजून सगळं परत देतो. फेकायचं ते वाळवून कचऱ्यात, ओढ्यात किंवा समुद्रात नव्हे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यावर कॉलर्पाचा एक छोटा तुकडा सापडला, तो पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. आणि मालवणला गेलात तर टाकीसाठी प्रवाळ उचलू नका. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

मी हॉस्टेलला, त्यामुळे कापणी आईकडे. शनिवारी फोन आला, “मूठभर निघालं रे, आणि दहा आलंय.” दहा म्हणजे नायट्रेट.