मालाडच्या खाडीतून तीन लहरी

१९७०-८०च्या काळात मुंबईत मिडियम वेव्हवर बटण फिरवले, की आकाशवाणीची तीन केंद्रे खणखणीत लागत. ‘मुंबई अ’वर मुख्यतः हिंदी-गुजराती, ‘मुंबई ब’वर मराठी, आणि तिसरी विविध भारती. ‘मुंबई ब’ने ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घराघरात नेल्या. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. या साऱ्या आवाजांचा उगम चर्चगेटच्या स्टुडिओत असला, तरी ते हवेत शिरत ते तिथून बरेच दूर, मालाड पश्चिमेच्या मार्वे-मालवणी भागातल्या मनोऱ्यांवरून. खारफुटीच्या, भरतीच्या पाण्याने ओल्या राहणाऱ्या त्या जमिनीचा आणि आवाजाचा संबंध फार जवळचा आहे.

मुंबईतले नियमित प्रसारण मात्र १९७०-८०च्या बरेच आधीचे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. प्रक्षेपकाची ताकद अवघी दीड किलोवॅट. रेडिओचा परवाना घेणारे इतके थोडे, की देशभरचा आकडा दहा हजारांच्याही आतच राहिला आणि १९३० साली कंपनी बुडाली. मग सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. पुढे ‘अ’ आणि ‘ब’ या केंद्रांचे प्रक्षेपक प्रत्येकी १०० किलोवॅटचे झाले.

तिन्ही केंद्रांचे आकडे असे: ‘ब’ ५५८, ‘अ’ १०४४ आणि विविध भारती ११८८ किलोहर्ट्झ. तिन्हींना नऊने भाग जातो, हा योगायोग नव्हे. जिनिव्हात १९७५ साली झालेल्या करारानुसार युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या मिडियम वेव्ह केंद्रांमध्ये नऊ-नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठरले आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आले. त्याआधीचे आकडे थोडे वेगळे असत. जुन्या सेटच्या तबकडीवरचा काटा आणि नवा आकडा जुळत नसे तो त्यामुळेही.

५५८ किलोहर्ट्झची लहर सेकंदाला ५ लाख ५८ हजार वेळा वर-खाली होते. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या या लहरीची लांबी भरते सुमारे ५३७ मीटर. १०४४ची लहर २८७ मीटरची. एवढ्या लांब लहरी सोडायला मनोराही उंच लागतो. लहरीच्या पाव लांबीचा मनोरा कार्यक्षम मानला जातो. म्हणजे ‘ब’साठी सुमारे १३४ मीटर आणि ‘अ’साठी ७२. एरवी मनोरा म्हणजे एरियल टांगायचा खांब. इथे लोखंडी मनोरा हेच एरियल. पायाशी चिनी मातीचा विद्युतरोधक असतो, आणि तळातून सर्व दिशांना, चाकाच्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात. वीज मनोऱ्यात चढते तशी ती जमिनीतही परतायला हवी. कोरडी माती त्यात आडकाठी करते. खाऱ्या पाण्याने भिजलेली चिकणमाती मात्र वीज चांगली वाहून नेते. मार्वेची जागा घर बांधायला वाईट आणि मिडियम वेव्हला उत्तम, ती यामुळे.

तिथून निघालेली लहर जमिनीला धरून पुढे सरकते. वाटेत माती तिची ऊर्जा पिते. समुद्राचे पाणी कोरड्या जमिनीच्या हजारपट वीजवाहक, म्हणून त्यावर लहर फारशी थकत नाही. अरबी समुद्रातल्या होडीवर आणि कोकणच्या किनाऱ्यावर भर दुपारी मुंबई स्पष्ट लागे, आणि तेवढ्याच अंतरावर सह्याद्रीच्या पलीकडे आवाज बारीक होई, याचे रहस्य हेच.

आवाज या लहरीवर स्वार होतो तो तिच्या उंचीवर. मायक्रोफोनमधून आलेल्या स्वराप्रमाणे वाहक लहरीची उंची कमी-जास्त केली जाते. एएम म्हणजे एवढेच. युक्ती सोपी, पण खर्चिक. शंभर किलोवॅटच्या वाहक लहरीवर आवाज पूर्ण भरला, तर एकूण ताकद १५० किलोवॅट होते, आणि आवाजाचा भाग त्यातला फक्त ५० किलोवॅट. बाकीची दोन तृतीयांश ताकद केवळ वाहून नेण्याची मजुरी! नऊ किलोहर्ट्झच्या अंतरात दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचारच वाट्याला येत असल्याने उंच स्वर छाटले जात. बातम्या देणाऱ्याचा शब्द कळायला तेवढे पुरते, पण झांजेची किणकिण आणि तंबोऱ्याची चमक वाटेत गळून पडे. रेडिओवरच्या गाण्याचा जो ‘जुना गोडवा’ म्हणून सांगतात, त्यात या छाटणीचा वाटा मोठा आहे.

घरातल्या सेटचे काम याच्या उलट: शेकडो लहरींतून एक निवडणे. १०४४ लावताना सेट स्वतःची १४९९ किलोहर्ट्झची लहर तयार करतो. दोघींच्या वजाबाकीतून ४५५ उरतात. कुठलेही केंद्र लावा, वजाबाकी ४५५च. त्यामुळे पुढची सगळी यंत्रणा एकाच आकड्यासाठी बांधता येते. बटण फिरवले की आतला ‘गँग’ कंडेन्सर फिरतो तो याच कामासाठी. ट्रान्झिस्टरचे मागचे झाकण उघडल्यावर पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डोक्यांच्या छोट्या चौकोनी डब्या दिसतात; त्या ४५५वर बसवलेल्या. रेडिओ मेकॅनिक प्लॅस्टिकच्या पेचकसाने त्यांना जरासे पिळत असे, कारण लोखंडी पेचकस जवळ नेला तरी मेळ बिघडे.

व्हॉल्व्हच्या मोठ्या सेटला भिंतीवर तांब्याच्या जाळीची लांब पट्टी एरियल म्हणून टांगावी लागे. तो लावल्यावर दिवे तापेपर्यंत थोडा वेळ शांतताच. मग सेटवरचा हिरव्या दिव्याचा ‘डोळा’ मिटत येई आणि केंद्र नीट लागल्याची खूण पटे. घरगुती सेटचा वार्षिक परवाना १५ रुपयांचा, पोस्टातून घ्यायचा. १९६०च्या दशकात पसरत गेलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये जाळीची जागा करड्या फेराइट कांडीने घेतली. ही कांडी दिशा ओळखते. केंद्राकडे टोक केले की आवाज पडतो, बाजू केली की भरतो. गिरगाव किंवा दादरहून मालाड उत्तरेला. म्हणून लोकलच्या रुळांना सेट आडवा ठेवला, तर आकाशवाणी उत्तम लागे. कपाटावरचा सेट अमक्याच कोनात हवा असा घरातल्या एखाद्याचा हट्ट शास्त्राला धरूनच होता.

खरखर हा एएमचा जन्मजात दोष. आवाज लहरीच्या उंचीवर आहे आणि ठिणगीही लहरीची उंचीच वाढवते. सेटला दोन्हींतला फरक कळत नाही. लोकलच्या टपावर तारेशी उडणारी ठिणगी, ट्यूबलाइटचा चोक, मिक्सर, सगळ्यांचे पडसाद गाण्यात उमटत. पावसाळ्यात वीज चमकली की सेटमध्ये त्याच क्षणी कडकडाट होई, आणि गडगडाट मागाहून. मधले सेकंद मोजून तिनाने भागले, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते.

रात्री सगळे चित्रच बदलते. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेला हवेचा थर असतो आणि तो वर जाणारी मिडियम वेव्ह शोषून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरांवर आदळून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मुंबईत अहमदाबाद, हैदराबाद लागे. राजकोटचे १००० किलोवॅटचे केंद्र तर १०७१ किलोहर्ट्झवर, ‘मुंबई अ’च्या शेजारीच, दणदणीत येई. मात्र शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या गावांची पंचाईत होई: जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून उतरलेली लहर एकत्र भेटत, कधी एकमेकींना बळ देत, कधी खोडून काढत. गाणे चढत-उतरत राही. ‘आवाज येतोय-जातोय’ ही तक्रार सेटची नसे.

एफएमने आवाज लहरीच्या उंचीऐवजी तिच्या कंपनांच्या संख्येत ठेवला, त्यामुळे ठिणगीची उंची सेटला कापून टाकता येते. देशात पहिले एफएम केंद्र १९७७ साली मद्रासला निघाले, आणि १९९०च्या दशकात मुंबईचा कान तिकडे वळला. आवाज लख्ख, पण तीन मीटरची ही लहर जवळपास सरळ रेषेत जाते. क्षितिजाखाली फारशी वाकत नाही आणि रात्री आकाशातून परतत नाही. मुंबईची एफएम केंद्रे कोकणातल्या मालवणात ऐकू येत नाहीत.

घरात मिडियम वेव्ह आता लावून पाहिली, तर बहुधा नुसती भणभण मिळते. तिचे कारण मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे. जुना ट्रान्झिस्टर असेल, तर त्यात सेल घालावेत, अंधार पडल्यावर तासाभराने गच्चीवर जावे, बटण अगदी सावकाश फिरवावे, आणि एखादे अनोळखी केंद्र सापडले, की सेट गोल फिरवून ते कोणत्या दिशेला आहे ते पाहावे.