जुने घर पारखताना

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे खेड्यापाड्यांत एक बोलणे हटकून निघते. मुलांच्या शिक्षणासाठी लातूरला किंवा नांदेडला बिऱ्हाड करावे की नाही? वर्षानुवर्षे भाडे भरण्यापेक्षा एखादे लहानसे घरच घेऊन टाकावे, असा विचार होतो. नव्या वसाहतीतले भाव ऐकून छाती दडपते. मग कुणीतरी बातमी आणतो की, शहराच्या कडेच्या जुन्या वस्तीत तीस-चाळीस वर्षांचे, दोन खोल्यांचे घर विकाऊ आहे. शाळा जवळ, बाजार जवळ, शेजारही चांगला. शेतकऱ्याची किंवा शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी अशा व्यवहारात एकदाच खर्ची पडते. तेव्हा असे घर कसे पारखावे, हे आज पाहू.

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. झूल पाहून कुणी बैल घेत नाही. घराच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही नव्या रंगाला भुलतात. भुलवणारी दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीची जाडी. ‘भिंत दोन हात रुंद आहे, काय होतंय तिला!’ असे आपण सहज म्हणतो. ही समजूत किती महाग पडते, ते मराठवाड्याने पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली सापडून गेली. भिंती दगडाच्या आणि चांगल्या रुंद होत्या. पण दगड मातीत बसवलेले, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये नुसती भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते. डोक्यावर माळवदाची फूट-दोन फूट माती. धक्का बसताच भिंतीचे थर फुगून सुटले आणि माळवद खाली आले. कुडाची आणि पत्र्याची हलकी घरे मात्र पुष्कळशी तगली. धडा असा की, घराचे बळ जाडीत नसते, एक भाग दुसऱ्याला कसा बांधलेला आहे, त्यात असते.

म्हणून जुन्या घरात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: हे घर बांधले कशात? दगड-मातीचे माळवद असेल, तर मातीचा भार कमी करणे, भिंतीत आरपार सांधे घालणे, हा खर्च धरूनच बोला. विटा-सिमेंटचे आणि वर स्लॅबचे असेल, तर दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना वेढणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, ते गवंड्याकडून पाहून घ्या. हा पट्टा म्हणजे पिंपाचे कडेच समजा. इथे लहान घराचा एक फायदा आहे. भिंती आखूड, खोल्या छोट्या, त्यामुळे असे घर हादरा बरा सोसते आणि मजबूत करायलाही स्वस्त पडते.

मग भेगा पाहा. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांना भिऊ नका. पण दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी वर गेलेली, दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग असेल तर थांबा. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. अशा भेगेवर सिमेंटचा पातळ लेप द्या, तारीख टाका आणि दोन-तीन महिन्यांनी पाहा. लेप तडकला तर भेग जिवंत आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग किंवा उघडे गज दिसले, काठीने ठोकताना बद्द आवाज आला, तर आत लोखंड गंजते आहे. भिंतीच्या बुडाला लोणा लागला असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे.

दुसरी पारख पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून, तीनशे किलोमीटरहून दूरवरून, आगगाडीने पाणी आणावे लागले, हे विसरू नका. घर मे महिन्यात पाहावे. नळाला किती दिवसांनी पाणी येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का, हे मालकाला नव्हे, शेजारच्या बायामाणसांना विचारावे. नांदेडला गोदावरीकाठी किंवा नाल्याजवळ घर असेल, तर उलट प्रश्न: पुराचे पाणी कुठवर चढले होते? जुन्या वस्तीत हे सांगणारे कुणीतरी असतेच. नव्या वसाहतीत ते मिळत नाही.

तिसरी पारख कागदाची. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले म्हणजे खरेदीखत होत नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले हवे. मागच्या तीस वर्षांचे व्यवहार वकिलाकडून तपासून घ्या. जमीन मूळची इनामाची असेल, कागदावर भोगवटादार वर्ग दोन असेल, तर परवानगीवाचून विक्री अडते. तुकडे पाडून विकलेली जागा असेल, तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ती नियमित झाली आहे का, ते विचारा. सिडकोचे घर असेल तर हस्तांतरणाची अट सिडकोच्या कचेरीत जाऊन समजून घ्या. आणि घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या घ्याच. २००५ च्या दुरुस्तीपासून अशा घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

आता भाव. समजा, जागा ७०० चौरस फूट आहे आणि त्याच गल्लीत मोकळी जागा फुटाला दोन हजारांनी गेली. जागेचे झाले १४ लाख. तेवढेच घर आज बांधायला ८ लाख लागतील आणि याचे निम्मे आयुष्य सरले आहे, म्हणून बांधकामाचे धरा ४ लाख. गवंडी म्हणतो, डागडुजीला अडीच लाख लागतील. ते वजा केले की साडेपंधरा लाख राहतात. मालक एकोणीस लाख म्हणत असेल, तर ही बेरीज-वजाबाकी त्याच्यापुढे मांडून बोला.

शिक्षक मंडळींना एक विनंती. गावातले कुणी असे घर घ्यायला निघाले तर त्याच्याबरोबर एकदा जा, कागद वाचून दाखवा. विसार देण्याआधी गवंडी आणि वकील यांना दिलेले चार पैसे वाया जात नाहीत. विसार दिल्यावर मात्र त्यांनी काहीही सांगितले तरी आपले हात बांधलेले असतात.